जीपीए कमी, व्हिसा एफ-वन (विद्यार्थ्यांचा), तरी फायनान्समधेच जायचंय? मग हे वाचा (अमेरिकेत मास्टर्स करणाऱ्यांसाठी)

"सर, इंजिनिअरिंगला केट्या लागल्या होत्या, इथे मास्टर्सला जीपीए ३.१ वर अडकलाय, फायनान्समधे काही होईल का?" करिअर फेअरचा सीझन आला की असे मेसेज सुरू होतात. मी एका बँकेत मॉडेल रिस्कमधे आहे (बँक वापरते ती आकडेमोडीची मॉडेलं तपासायचं काम), टीमसाठी आलेले रेझ्युमे बघतो, कधी इंटरव्ह्यूलाही बसतो, त्यामुळे एकदाच सगळं लिहून टाकतो.

होतं. पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) ही तुमची दोन नंबरची अडचण आहे. एक नंबरची अडचण म्हणजे घड्याळ. इथला मुलगा ३.० घेऊन पास झाला तर घरी राहून वर्षभर निवांत अर्ज करू शकतो, तुम्हाला ओपीटी (डिग्रीनंतर एफ-वनवरच काम करायची परवानगी) सुरू झाल्यापासून नोकरीशिवाय राहायला एकूण ९० दिवस मिळतात, बस. म्हणून खालचं सगळं मी मार्कांच्या नाही, घड्याळाच्या हिशोबाने लावलंय.

सगळ्यात आधी आय-ट्वेंटी काढून बघा

आय-ट्वेंटीवर (युनिव्हर्सिटी व्हिसासाठी देते तो फॉर्म) तुमच्या कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी नंबर, छापलेला असतो. नुसतं 'फायनान्स, जनरल' असेल, ५२.०८०१, तर तो स्टेममधे (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्सची सरकारी यादी) येत नाही, म्हणजे १२ महिने ओपीटी आणि विषय संपला. फायनान्शियल मॅथेमॅटिक्स २७.०३०५, इकॉनोमेट्रिक्स ४५.०६०३, मॅनेजमेंट सायन्स ५२.१३०१, हे स्टेममधे येतात, त्यावर आणखी २४ महिने मिळतात. एकाच बिल्डिंगमधे, त्याच प्रोफेसरांकडे शिकणारी दोन मुलं, एकाला एक वर्ष आणि दुसऱ्याला तीन, फरक फक्त त्या आकड्याचा. पहिल्या सेमिस्टरला असाल आणि कोड नॉन-स्टेम असेल तर डिपार्टमेंटमधे ट्रॅक बदलता येतो का ते याच आठवड्यात विचारा. अजून भारतातच असाल तर ॲडमिशन घेतानाच विचारा. आणि दहा महिन्यांचे मास्टर्स स्वस्त दिसतात, लवकर संपतात, पण त्यात मधे उन्हाळाच येत नाही, उन्हाळा नाही म्हणजे इंटर्नशिप नाही, आणि जीपीए कमी असणाऱ्याला इंटर्नशिपशिवाय फार जड जातं. सोळा-अठरा महिन्यांचा कोर्स घ्या.

हे सगळं एवढ्यासाठी की एच-वन-बी, म्हणजे कंपनीने स्पॉन्सर करायचा नोकरीचा व्हिसा, चिठ्ठ्या टाकून मिळतो. वर्षाला ८५,००० जागा, त्यातल्या २०,००० इथलं मास्टर्स केलेल्यांसाठी राखीव, रजिस्ट्रेशन मार्चमधे. तीन वर्षं असतील तर साधारण तीनदा नाव टाकता येतं, एक वर्ष असेल तर एकदाच. २०२६ च्या लॉटरीपासून पगाराच्या लेव्हलप्रमाणे (लेबर डिपार्टमेंटच्या एक ते चार पायऱ्या) वजन द्यायचा नियम आला, म्हणजे लेव्हल एकची नोकरी असेल तर तुमच्या नावाची एक चिठ्ठी, लेव्हल दोनला दोन, असं चारपर्यंत. फ्रेशरला हे जाचक आहे यात वादच नाही. पण ही लेव्हल त्या-त्या भागातल्या पगारांवरून ठरते, त्यामुळे न्यूयॉर्कला जो पगार लेव्हल एकमधे बसतो तोच एखाद्या स्वस्त शहरात लेव्हल दोनमधे बसू शकतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि ते एच-वन-बीच्या एक लाख डॉलर फीचं. सप्टेंबर २०२५ मधे ती घोषणा झाली तेव्हा ग्रुपवर नुसता गोंधळ होता. इथेच राहून एफ-वनवरून स्टेटस बदलणाऱ्यांना ती लागू नाही असं यूएससीआयएसने (इमिग्रेशनचं खातं) ऑक्टोबरमधे स्पष्ट केलं. पण स्टेटस बदलायचा अर्ज पेंडिंग असताना देशाबाहेर गेलात तर ती सूट जाऊ शकते, तेव्हा त्या काळात बहिणीचं लग्न असलं तरी तिकीट काढायच्या आधी वकिलाला विचारा.

आता जीपीए. आधी हिशोब करा, मग रडा

समजा ३६ क्रेडिटचा कोर्स आहे. १२ क्रेडिट झाले, जीपीए २.८. उरलेल्या २४ मधे सरासरी ३.७ आणली तर शेवटी ३.४ होतो. हेच १८ क्रेडिट झाल्यावर जागे झालात तर तेवढीच मेहनत करून ३.२५. कागदावर करून बघा म्हणजे कळेल की तुमच्या बाबतीत जीपीएच्या मागे लागण्यात अर्थ उरलाय का. पहिल्या सेमिस्टरनंतर असाल तर नक्की आहे. शेवटच्या सेमिस्टरला असाल तर ०.०५ साठी रात्री जागू नका, तो वेळ खालच्या प्रोजेक्टला द्या.

बहुतेक ग्रॅज्युएट स्कूलमधे ३.० च्या खाली गेलं की प्रोबेशन लागतं, आणि तिथून काढून टाकलं तर आय-ट्वेंटीच जाते. एखादा कोर्स हातातून जातोय असं वाटलं तर ड्रॉप करायच्या आधी डीएसओला (युनिव्हर्सिटीतला व्हिसाचं बघणारा अधिकारी) भेटा, कारण फुल टाइम क्रेडिटच्या (मास्टर्सला बहुतेक ठिकाणी ९) खाली परवानगीशिवाय गेलात तर स्टेटसचा लफडा होतो, आणि तो ग्रेडच्या लफड्यापेक्षा कितीतरी मोठा. प्रोफेसर चांगला आहे म्हणून त्यालाच विचारून ड्रॉप केलं, असं करणारी मुलं आहेत. प्रोफेसरला व्हिसातलं काही कळत नाही हो, त्याचं ते कामही नाही.

रेझ्युमेवर काय लिहायचं? ३.५ च्या वर असेल तर लिहा. ३.२ ते ३.५ मधे असेल तर मोठ्या बँकेच्या कॅम्पस ड्राइव्हला तसाही फॉर्ममधे विचारतील, बाकी ठिकाणी लिहिलं काय, नाही काय. ३.२ च्या खाली असेल तर रेझ्युमेवर नको, झाकली मूठ. पण फॉर्ममधे विचारलं की खरा आकडा टाकायचा, दोन दशांश स्थळांपर्यंत, जसा ट्रान्सक्रिप्टवर आहे तसा. ऑफर आल्यावर बॅकग्राउंड चेक होतो, ट्रान्सक्रिप्ट मागतात, आणि ३.१ चा ३.४ केलेला सापडला तर ऑफर परत जाते. तेव्हा ओपीटीचं घड्याळ चालू असतं ते वेगळंच.

भारतातल्या मार्कांबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. आपल्याकडे ६२ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, आई पेढे वाटते. इथल्या माणसाला ६२ टक्के म्हणजे डी ग्रेड, नापासाच्या काठावरचा. तो बिचारा मुंबई युनिव्हर्सिटीचे पेपर कसे तपासतात ते शोधत बसणार नाही. म्हणून टक्के लिहूच नका, 'फर्स्ट क्लास' मिळाला असेल तर तेवढंच लिहा. स्वतःच भागाकार करून १० चा ४ वर आणलेला जीपीए तर अजिबात नको, तो कुठल्याच कागदावर नसतो आणि विचारलं तर दाखवता येत नाही.

दार कुठलं निवडायचं

इथे बऱ्याच जणांचं घोडं अडतं. फायनान्स म्हटलं की डोळ्यासमोर न्यूयॉर्कची इन्व्हेस्टमेंट बँकिंगची पोस्ट येते. त्या समर इंटर्नशिपचं रिक्रूटिंग अंडरग्रॅजुएट मुलांचं उन्हाळ्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी सुरू होतं, आपण मास्टर्सला येईपर्यंत वरात पुढे गेलेली असते. वर तिथे अर्ज इतके येतात की जीपीए हीच पहिली चाळणी. ३.१ आणि एफ-वन घेऊन तिथे दोनशे अर्ज टाकणं म्हणजे दोनशे वेळा एकाच बंद दारावर डोकं आपटणं.

जीपीए कुठे कमी बघतात? जिथे काम टेस्ट घेऊन किंवा केस देऊन तपासता येतं तिथे, आणि जिथे माणसं सतत लागतात तिथे.

माझ्या मते आपल्या मुलांसाठी सगळ्यात सोयीची जागा म्हणजे बँकांमधली रिस्क, त्यातही मॉडेल व्हॅलिडेशन आणि क्रेडिट रिस्क. याला कारण आहे. २००८ च्या क्रायसिसनंतर २०१० मधे डॉड-फ्रँक कायदा आला, स्ट्रेस टेस्ट आल्या, आणि २०११ मधे फेडरल रिझर्व्ह आणि ओसीसीने (बँकांवर देखरेख करणारं सरकारी खातं) मॉडेल रिस्कवर एसआर ११-७ ही गाइडन्स काढली, की मॉडेल ज्याने बनवलं त्याच्यापासून स्वतंत्र असलेल्या कोणीतरी ते तपासलं पाहिजे. त्यासाठी अख्ख्या टीम्स उभ्या राहिल्या. ही कामं आकडेमोडीची, कोडिंगची आणि मुख्य म्हणजे लिहिण्याची असतात, इंजिनिअरिंग करून आलेल्या मुलाला यात शिरता येतं, आणि स्टेम डिग्रीशी काम जुळतंय हे दाखवणंही सोपं.

मग ऑपरेशन्स, फंड अकाउंटिंग, केवायसी (ग्राहकाची ओळख तपासणं) आणि एएमएल (काळ्या पैशाचे व्यवहार शोधणं). याला नाकं मुरडतात, पगारही कमी, आणि सगळ्याच ठिकाणी स्पॉन्सर करत नाहीत, पण आत शिरायला बरं पडतं. एक गंमत सांगतो, अमेरिकेत शेअरची सेटलमेंट टी प्लस वन (सौद्यानंतर एका दिवसात) झाली २८ मे २०२४ ला. भारतात ती जानेवारी २०२३ मधेच पूर्ण झाली होती. ऑपरेशन्सच्या इंटरव्ह्यूला हे नीट समजावून सांगू शकलात, म्हणजे एक दिवस कमी झाल्याने मार्जिनला किती पैसे अडकतात, परदेशी गुंतवणूकदाराला डॉलर आधी कसे जुळवावे लागतात, तर समोरचा माणूस पेन खाली ठेवून ऐकतो.

शहरं: शार्लट (बँक ऑफ अमेरिकाचं हेडक्वार्टर तिथे, वेल्स फार्गोचाही मोठा पसारा), ओहायोतलं कोलंबस, डॅलस-प्लेनो, डेलावेअरमधलं विल्मिंग्टन जिथे क्रेडिट कार्डांचा धंदा आहे, पिट्सबर्ग, सॉल्ट लेक सिटी, टॅम्पा. वर पगाराच्या लेव्हलचं सांगितलं ते इथे लागू पडतं. मॅनहॅटनला नोकरी आहे हे गावाकडे सांगायला छान, पण चिठ्ठ्या दुप्पट होत असतील तर मी तरी शार्लट घेईन.

कोण स्पॉन्सर करतं याचा अंदाज लावत बसू नका. लेबर डिपार्टमेंट एलसीएचा (एच-वन-बीच्या आधी कंपनी भरते तो अर्ज) सगळा डेटा दर तिमाहीला फुकट टाकतं, एक्सेल फाइल असते, कंपनी, पद, शहर, पगार, लेव्हल सगळं त्यात. फिल्टर लावा, 'रिस्क', 'क्रेडिट', 'क्वांटिटेटिव्ह' असे शब्द पदात शोधा, तुमची यादी तयार. त्यात अशी नावं सापडतात जी कोणत्याही टॉप टेनमधे नसतात, छोट्या बँका, इन्शुरन्स कंपन्या, गाड्यांना कर्ज देणाऱ्या कंपन्या. आणि युनिव्हर्सिट्या. युनिव्हर्सिटीला एच-वन-बीची लॉटरीच लागू नाही, मोठ्या युनिव्हर्सिटीचं एंडोमेंट ऑफिस (देणग्यांचा निधी सांभाळणारं), ट्रेझरी, बजेट ऑफिस, ही सगळी फायनान्सचीच कामं आहेत. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास कॅम्पसवर काम करता येतं, डायनिंग हॉलमधे प्लेटा लावण्यापेक्षा तिथे अर्ज करा, पैसे तेवढेच मिळतील पण रेझ्युमेला ओळ मिळेल.

जीपीएच्या जागी दाखवायला काहीतरी हवं

सर्टिफिकेटांचा ढीग नको. रिस्कला जायचं असेल तर एफआरएम (रिस्क मॅनेजरची परीक्षा) पार्ट वन, १०० प्रश्न, चार तास, बसायला कसलीही अट नाही. इन्व्हेस्टमेंटकडे जायचं असेल तर सीएफए (गुंतवणूक क्षेत्रातली परीक्षा) लेव्हल वन, बॅचलर्स झालेलं असेल किंवा ते संपायला २३ महिने किंवा त्याहून कमी उरले असतील तर बसता येतं. ब्रोकरेज किंवा वेल्थकडे जायचं तर फिन्राची (ब्रोकरांवर देखरेख करणारी संस्था) एसआयई परीक्षा, ही कंपनीच्या स्पॉन्सरशिपशिवाय देता येते, ७५ प्रश्न, निकाल चार वर्षं चालतो. तीनपैकी एक. कमी जीपीएवाल्याच्या रेझ्युमेवर अशी एक पास झालेली परीक्षा म्हणजे 'हा बसून अभ्यास करू शकतो' याचा पुरावा, त्याहून जास्त काही नाही. नुसतं 'कँडिडेट' लिहिणं म्हणजे फी भरली एवढंच.

खरा फरक प्रोजेक्टने पडतो आणि इथे मी जरा सविस्तर सांगतो. फ्रेडी मॅक (बँकांकडून होम लोन विकत घेणारी कंपनी) त्यांच्या होम लोनचा लोन-लेव्हल, म्हणजे एकेका लोनचा, डेटा देतं, १९९९ पासूनच्या लोनचा, रजिस्टर केलं की फुकट डाउनलोड. त्यातली २००५ ते २००७ ची लोन घ्या, डिफॉल्ट म्हणजे काय याची व्याख्या ठरवा (९० दिवस थकलं की डिफॉल्ट, अशी), पायथनमधे साधी लॉजिस्टिक रिग्रेशन बसवा, क्रेडिट स्कोअर, एलटीव्ही (घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज), डीटीआय (उत्पन्नाच्या किती टक्के हप्ते), एवढेच व्हेरिएबल. मग तेच मॉडेल २०१५ च्या लोनवर चालवा. आकडे जुळणार नाहीत. आता का जुळले नाहीत ते शोधा, लोन देण्याचे नियम बदलले, घरांच्या किमती वेगळ्या होत्या, बेरोजगारी वेगळी होती, एकेक तपासा. शेवटी सहा-सात पानांचा व्हॅलिडेशन रिपोर्ट लिहा: मॉडेल काय करतं, कुठे चालतं, कुठे चालत नाही, वापरायचं तर काय अटी घालून. आम्ही ऑफिसात हेच करतो. रेझ्युमेवर 'मशीन लर्निंगने ९७ टक्के ॲक्युरसी' लिहिलेले प्रोजेक्ट ढिगाने येतात, आणि शंभरातली तीनच लोन बुडत असतील तर 'कोणीच बुडणार नाही' म्हणणारं मॉडेलही ९७ टक्के बरोबर असतं! 'माझं मॉडेल कुठे फसलं' असं लिहिणारा एखादाच असतो, त्याला आम्ही बोलावतो.

माणसांना गाठणं

पोर्टलवर अर्ज टाकून वाट बघणं हा चांगल्या जीपीएवाल्यांचा रस्ता. तुम्हाला माणूस लागणार. लिंक्डइनवर तुमच्या युनिव्हर्सिटीच्या पानावर ॲल्युम्नाय टॅब असतो, तिथे शहर आणि कंपनी टाका, तुमच्यापेक्षा दोन ते पाच वर्षं पुढे असलेली माणसं निवडा. मॅनेजिंग डायरेक्टरला लिहू नका, त्याला वेळ नसतो आणि पहिल्या नोकरीच्या भानगडी तो विसरलेला असतो.

मेसेज चार ओळींचा. मी अमुक युनिव्हर्सिटीत, तुमच्याच प्रोग्रॅममधे. फ्रेडी मॅकच्या डेटावर डिफॉल्ट मॉडेल तपासतोय, घरांच्या किमती पडल्यावर मॉडेल कसं वागेल यावर अडकलोय. तुम्ही क्रेडिट रिस्कमधे आहात, तुमच्याकडे हे कसं बघतात याबद्दल पंधरा मिनिटं बोलता येईल का? मंगळवार किंवा गुरुवार संध्याकाळ. संपलं. जीपीएचं रडगाणं नको, 'एनी ऑपॉर्च्युनिटी' नको, रेझ्युमे जोडायचा नाही. पण बोलताना त्याने विचारलं की नोकरी शोधतोयस का, तर ताकाला जाऊन भांडं लपवू नका, सरळ हो म्हणा, कधी पास होताय आणि ओपीटी किती आहे ते सांगा.

समोरचा मराठी असला तरी पहिल्याच मेसेजात दादा-ताई नको, सर-मॅडमही नको, इथे व्हाइस प्रेसिडेंटलाही नावानेच हाक मारतात. (मला 'सर' म्हणणाऱ्यांनो, तुम्हालाही हेच.) मात्र गावातल्या मराठी मंडळाच्या गणपतीला जरूर जा. एडिसन, शार्लट, डॅलस, सगळीकडे मंडळं आहेत आणि महाप्रसादाच्या रांगेत तुमच्या पुढचा काका बऱ्याचदा कुठल्यातरी बँकेच्या आयटीत असतो. तिथे खिशातून रेझ्युमे काढू नका. ओळख करा, काय करता विचारा, सोमवारी लिंक्डइनवर मेसेज टाका. आयटीतला माणूस रिस्कमधल्या माणसाला ओळखतो, आणि रेफरल आतून आला की रिक्रूटर निदान रेझ्युमे उघडतो.

फॉर्ममधे दोन प्रश्न येतात, त्यात घोळ नको. 'काम करायची कायदेशीर परवानगी आहे का' याला ओपीटी असेल तर हो. 'आत्ता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का' यालाही हो. दुसऱ्याला नाही म्हणून आत शिरायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील, ऐकू नका.

इंटरव्ह्यू

टेक्निकलमधे न चुकता येणारा एक प्रश्न: डेप्रिसिएशन १० डॉलरने वाढलं, टॅक्स २० टक्के, तिन्ही स्टेटमेंटमधे काय होईल? नफा ८ ने कमी. कॅश फ्लोमधे नफा ८ ने कमी पण डेप्रिसिएशनचे १० परत मिळवायचे, म्हणजे कॅश २ ने वाढली. बॅलन्स शीटला मालमत्ता १० ने उतरली, कॅश २ ने चढली, एकूण ८ ने कमी, दुसऱ्या बाजूला रिटेन्ड अर्निंग्ज ८ ने कमी, जुळलं. हे झोपेतून उठवलं तरी यायला हवं, मोठ्याने बोलून सराव करा, वहीत नाही. दुसरा प्रश्न बाँडचा. ड्युरेशन (व्याजदर १ टक्का हलला तर किंमत किती टक्के हलते) ६ असेल आणि व्याजदर २ टक्क्यांनी वाढले तर किंमत साधारण १२ टक्क्यांनी पडते, आणि मार्च २०२३ मधे सिलिकॉन व्हॅली बँक कशी बुडाली ते याच गणिताने सांगता आलं पाहिजे.

आणि तो प्रश्न येणारच, ग्रेड कमी का? तीन वाक्यं: कारण, काय बदललं, पुरावा. "पहिल्या सेमिस्टरला स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसचा पाया कच्चा असताना तीन अवघड कोर्स एकदम घेतले. दुसऱ्यापासून आधी पाया पक्का केला, त्यानंतरच्या कोर्समधे ३.७ आहे. मे महिन्यात एफआरएम पार्ट वन पास झालो." आणि गप्प बसायचं. प्रोफेसर वाईट होता, ग्रुपमधली मुलं काम करत नव्हती, यातलं काही नाही. माफीही मागायची नाही.

ओपीटीची तारीख

अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंत करता येतो. लवकर करा, पण ऑफर हातात नसेल तर सुरू होण्याची तारीख पुढची टाका, ६० दिवसांच्या आत कुठलीही चालते, म्हणजे नोकरीशिवायचे ते ९० दिवस उशिरा मोजायला लागतात. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी सीपीटी (शिकत असतानाची कामाची परवानगी) वापरा, मात्र फुल टाइम सीपीटी १२ महिने भरली तर ओपीटी जाते. 'पहिल्या दिवसापासून सीपीटी' देणाऱ्या कॉलेजांत दुसरं मास्टर्स घेऊन वेळ काढायचा सल्ला मिळेल, पुढे एच-वन-बीच्या वेळी त्यावरून खोदून प्रश्न येतात, मी त्या वाटेला जायला सांगणार नाही.

९० पैकी ६० दिवस गेले आणि हातात काही नाही, तर पुण्या-मुंबईकडे अर्ज टाकायला सुरुवात करा, यात कमीपणा काही नाही. बार्कलेज, डॉइश बँक, बीएनवाय, नॉर्दर्न ट्रस्ट यांची पुण्यात मोठी ऑफिसं आहेत, रिस्क आणि फंडाची तीच कामं तिथे होतात, आणि तिथे सलग एक वर्ष काम झालं की एल-वनवर (त्याच कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) इकडे यायचा रस्ता खुला होतो, ज्याला लॉटरी नाही. मॅनेजरची इच्छा लागते ही गोष्ट वेगळी.

ऑफर आली तर सही करायच्या आधी एचआरला तीन गोष्टी विचारा. कंपनी ई-व्हेरिफायमधे (कामाची परवानगी तपासायची सरकारी सिस्टिम) आहे का, कारण त्याशिवाय स्टेमचं एक्स्टेंशन मिळत नाही. एच-वन-बीसाठी पहिल्याच मार्चमधे नाव टाकतात का वर्षभर थांबवतात. आणि हा पगार त्या शहरात कुठल्या लेव्हलमधे बसतो. फोनवर हो म्हणाले तर आभार मानून तेच मुद्दे त्याच दिवशी ईमेलवर टाका आणि त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत दुसरीकडचे इंटरव्ह्यू चालू ठेवा.